अर्जातलं एकच भांडं

बाबांनी निळा प्लॅस्टिकचा ड्रम सायकलवरून उतरवला, अंगणात उभा केला, रुमालानं पुसला आणि नवरा मुलगा दाखवावा तसा आम्हाला दाखवला. खाली पितळी तोटी, वर झाकण, झाकणाला चार खिट्ट्या.

"कसा आहे?"

आत्या पायरीवरून उठली. ड्रमभोवती एक फेरी मारली, बोटानं टकटक केलं, तोटीला नाक लावून वास घेतला.

"याला नाक कुठंय, एसाबू?"

"ड्रमला कशाला नाक लागतं, अपोलोतताई?"

"मातीचा माठ अंगभर श्वास घेतो. हा कुठून घेणार? अजोन गुदमरेल यात."

अजोन म्हणजे आमची नाचणीची बिअर, माठात लांब नळ्या सोडून प्यायची.

"हे आधुनिक आहे," बाबा म्हणाले.

आत्या गप्प बसली. ती गप्प बसली की समजायचं, तिनं ठरवलंय काहीतरी. पण हे मला तेव्हा कळायला हवं होतं, आता सांगून काय उपयोग.

तर शनिवारी अन्याइतताईला बघायला माणसं येणार होती. बघायला म्हणजे, एतियांगनं तिला दोन वर्षं बघितलंच होतं. तो इथल्या तंत्रशाळेत सुतारकाम शिकवतो, आणि ताईच्या दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या त्यानं फुकट दुरुस्त केल्यात, काही तर न मोडलेल्याही. प्रश्न त्याचा नव्हता. प्रश्न होता त्याच्या काकांचा. एतियांगला वडील नाहीत, त्यामुळे सोयरीक करायची की नाही हे म्हातारे एक्वारूकाका ठरवणार. आणि एक्वारूकाकांनी आधी दोन घरांतून पुतण्याला उठवून नेलं होतं. एका घरची अजोन आंबट होती. दुसऱ्या घरी ती कोमट दिली.

आमच्याकडे "मुलगी पसंत नाही" असं कुणी तोंडावर म्हणत नाही. माणूस आपली नळी माठातून काढतो, झटकतो, आणि म्हणतो, "माठ थंड झाला." झालं. संपलं. बसायचं असेल तर म्हणतो, "पाणी घाला." मग यजमान गरम पाणी ओततो, आणि बोलणी पुढे सरकतात. दोन शब्द इकडे, तीन शब्द तिकडे, आणि ताईचं अख्खं आयुष्य मध्ये. ताई आठवडाभर काही खात नव्हती. मी तिला म्हटलं, एवढी कशाला घाबरतेस, तर तिनं माझ्या अंगावर उशी फेकली आणि मग तीच उशी परत मागून रडली.

अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? आत्यानं गावाहून डोक्यावर आणलेलं पोतं उघडेल, दोन-चार माठ मांडेल आणि बाजूला होईल. पण बाबा सर्व्हे ऑफिसात कारकून आहेत. त्यांना सगळ्या गोष्टी सरळ रेषेत लागतात.

"वीस माणसं एका माठात नळ्या बुडवून बसणार, हे आता बरं दिसत नाही," ते म्हणाले. "दवाखान्यात जंतूंचं पोस्टर लागलंय. आपण कपातून देऊ. तोटी फिरवली की कप भरला."

"कपात?" आत्या म्हणाली. "मग दूध-साखर पण घाल."

आईनं तोंडाला पदर लावला. मी मोठ्यानं हसले, आणि बाबांनी मला कॉलनी कमिटीचा अर्ज आणायला पिटाळलं.

कमिटीचे अध्यक्ष ओमोडिंग सर. निवृत्त हेडमास्तर, आमच्याच भिंतीपलीकडे राहतात. मी ज्या शाळेतून निघून आले तिचे हे हेडमास्तर, त्यामुळे आमची भेट नेहमी गोड होते.

"काय असेकेन्ये, शाळेची आठवण येते का?"

"येते ना सर. शाळेला माझी येते का?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कपाटातून छापील अर्ज काढला. कॉलनीत पेय बनवायला बंदी नाही, पण परवानगी लागते, कारण मागे कुणीतरी छपरावर दारू गाळली होती आणि छप्पर गेलं होतं. अर्जात रकाने होते. पेयाचा प्रकार. प्रसंग. साठवणीचे भांडे. नळ्यांची संख्या. आणि सगळं तीन प्रतींत.

बाबांना अर्ज म्हणजे जेवण. त्यांनी पट्टी घेऊन तो भरला. 'नळ्यांची संख्या' या रकान्यात मोठ्या अभिमानानं 'निरंक' लिहिलं. 'साठवणीचे भांडे' इथे 'एक (१), निळे, तोटीसह.' ओमोडिंग सरांनी तो वाचला, खूश झाले, आणि खाली लाल शाईनं लिहिलं: 'एकाच भांड्यास परवानगी. दुसरे भांडे आढळल्यास परवाना रद्द.'

"धोरण आहे," ते म्हणाले. "एक भांडं म्हणजे शिस्त. दोन भांडी म्हणजे धंदा."

"अगदी बरोबर सर," बाबा म्हणाले. दोन कारकुनी डोकी एकमेकांना भेटली की केवढा आनंद होतो ते मी त्या दिवशी बघितलं.

आता आत्याच्या पोत्याबद्दल सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय आत्या कळायची नाही. नाचणीचं पीठ ओलं करून ती आठवडाभर आंबत ठेवते. मग पत्र्यावर मंद आचेवर भाजते, सतत हलवत, डोळ्यांत धूर जात असताना एकदाही डोळे न पुसता. मग उन्हात वाळवते. तयार होतो तो तपकिरी चुरा. पोत्यात भरून ठेवला तर वर्षभर राहतो. ना फ्रिज, ना बाटली, ना झाकण. आत्याच्या घरी बिअर अशी कोपऱ्यात पोत्यात झोपलेली असते. पाहिजे तेव्हा पाणी आणि मोड आलेल्या नाचणीचं पीठ घालून तिला उठवायचं, तीन दिवसांत ती जागी होते. आणि गरम पाणी पडलं की बोलायला लागते. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात होती ती सगळी यंत्रं एकीकडे आणि हे पोतं एकीकडे.

बुधवारी सकाळी बाबांनी ड्रम बैठकीत घेतला आणि भरवला. आत्यानं निमूट चुरा ओतला, पीठ ओतलं, पाणी ओतलं. बाबांनी चारही खिट्ट्या लावल्या आणि ऑफिसला गेले.

त्यांची सायकल कोपऱ्यावर वळली आणि आत्या म्हणाली, "पोरी, अंघोळीच्या खोलीतलं ते पांढरं होडगं कोण वापरतं?"

आमच्या क्वार्टरमध्ये एक बाथटब आहे. कुठल्या साहेबानं बसवला देव जाणे, त्याच्या नळाला आजवर थेंब आलेला नाही. बाबा त्यात जुने नकाशे ठेवतात. आम्ही नकाशे काढले. आत्यानं आपलं गाठोडं सोडलं, आणि त्यातून निघाला एक काळा, पोट सुटलेला मातीचा माठ. हा तिनं गावाहून सहा तास बसमध्ये मांडीवर आणला होता. आम्हाला वाटलं होतं भोपळा आहे. आम्ही तो टबात बसवला, पोत्यातला उरलेला चुरा, पीठ आणि पाणी त्यात घातलं आणि पडदा ओढला.

"आत्या, परवानगी एकाच भांड्याची आहे."

"हो का?"

"मग दुसरं कशाला?"

"तू शाळा सोडलीस, अक्कल नाही ना सोडलीस? विचार कर."

मी विचार केला. मला वाटलं, ड्रम बिघडला तर असावं म्हणून. त्यापलीकडे माझं डोकं गेलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी ड्रम फुगला. ओलं गवत खाल्लेल्या बकरीसारखा. शेजारीपाजारी बघायला यायला लागले, आणि आमच्या कॉलनीत बघायला आलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय जात नाही. कुणी म्हणालं सावलीत ठेवा, कुणी म्हणालं उन्हात, समोरची नर्स म्हणाली त्याचा रक्तदाब बघा, आणि ती चेष्टा करत नव्हती. दुपारी दोन वाजता दोन खिट्ट्या उडाल्या. अडीचला उरलेल्या दोन. झाकण छताला जाऊन आपटलं, बाबांनी नुकत्याच रंगवलेल्या छतावर तपकिरी गोल उमटला, आणि मी पलंगाखाली होते हे मी कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबांनी झाकणावर दगड ठेवला. दगड डुलायला लागला. शेवटी ओमोडिंग सरांनी भिंतीपलीकडून सल्ला दिला, "झाकणाला खिळ्यानं भोक पाडा, एसाबू. हवा जाईल."

बाबांनी भोक पाडलं. ड्रमनं 'हुश्श' केलं. आत्या शेंगा सोलत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"नाक पाडलंस का?" एवढंच म्हणाली.

शनिवारी अकराला माणसं आली. एक्वारूकाका पुढे, खांद्याला बांबूचं लांब नळकांडं अडकवून, त्यात त्यांची नळी. शिकारी बंदूक वागवतो तशी. मागे एतियांग, नवा शर्ट, कॉलरचा पुठ्ठा काढायला विसरलेला. मग त्याच्याकडची चार-पाच माणसं. आमच्याकडून बाबा आणि माझे दोन चुलते. ओमोडिंग सर अध्यक्ष म्हणून हजर, अर्जाची एक प्रत खिशात. आमच्याकडे सासूनं जावयासमोर येऊ नये असं असतं, त्यामुळे आई स्वयंपाकघरात. ताई दाराच्या फटीत, तिचा एक डोळा तेवढा दिसत होता.

एतियांग बसला आणि लगेच उठला. घाबरलेल्या माणसाचं असं होतं. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "असेकेन्ये, अंघोळीची खोली कुठंय?"

"तिथे पाणी नाही."

"मला पाणी नकोय."

"तिथे काहीच नाही! खोलीच नाही! समोरच्या नर्सकडे जा."

तो गेला. बिचारा शहाणा आहे, कारण विचारलं नाही.

मग बाबांनी टाय सरळ केला, ड्रममध्ये किटलीभर गरम पाणी ओतलं आणि चिनी मातीचा कप तोटीखाली धरला. तोटी फिरवली. एक थेंब पडला. मग सर्दी झालेल्या माणसानं नाक शिंकरावं तसा आवाज आला. मग काहीच नाही. आत नाचणीचा चोथा असतो, तो तोटीत जाऊन बसला होता. म्हणून तर आमच्या नळ्यांच्या टोकाला जाळी विणलेली असते. हजारो वर्षं विणतायत लोक ती जाळी, उगीच नाही. मी केसातली पिन काढून तोटीत घातली, फिरवली, आणि धार आली. सगळ्यांच्या अंगावर आली. पण शेवटी कप भरला.

बाबांनी तो दोन्ही हातांनी एक्वारूकाकांपुढे धरला.

म्हातारा कपाकडे बघत राहिला. "हा चहा आहे का?"

"अजोन आहे, साहेब. आधुनिक पद्धत."

"बरं." काकांनी कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. "आणि तुम्ही कशातून पिणार?"

"याच ड्रममधून, साहेब!" बाबा फुलून म्हणाले. "सगळ्यांना एकच. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

काकांनी कप ओठांपासून आणखी लांब धरला.

आणि तेव्हा, सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी ते पेटलं. सासरा आणि जावई एका माठातून पीत नाहीत. व्याही-व्याही पीत नाहीत. हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोराला माहीत असतं. एका माठातून प्यायलात म्हणजे तुम्ही एका घरचे झालात, आणि एका घरच्यांत लग्न कुठून व्हायचं? बाबांना हे माहीत होतं. मला माहीत होतं. ओमोडिंग सरांना तर नक्कीच माहीत होतं. पण आम्हाला ते माठाबद्दल माहीत होतं. ड्रम म्हटल्यावर आमची डोकी वेगळ्या कप्प्यात गेली होती.

बाबांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. चुकीच्या गावाचा नकाशा साहेबाच्या टेबलावर ठेवल्यासारखा.

"कपात ओतल्यावर," ते अडखळत म्हणाले, "म्हणजे तांत्रिकदृष्ट्या, भांडं बदलतं..."

"पोट एकच आहे," एक्वारूकाका म्हणाले, ड्रमकडे बोट दाखवून. त्यांनी कप खाली ठेवला आणि बांबूचं नळकांडं उचलून मांडीवर घेतलं. "एसाबू, तुझा अपमान करायचा नाही मला. पण..."

दारातला ताईचा डोळा मिटला.

"थांबा!" मी ओरडले. मोठी माणसं बोलत असताना पोरीनं ओरडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण ते वाक्य पुरं झालं असतं तर परत आत घालता आलं नसतं. "काका, माठ अजून मांडलाच नाही, तर थंड कसा होईल?"

म्हाताऱ्यानं मान वळवली. "ही कोण?"

"ही पाणी घालणारी," मागून आत्याचा आवाज आला. "असेकेन्ये, बडबड पुरे. किटली आण. आणि एक हात लाव."

आम्ही दोघींनी पडदा बाजूला केला, टबातून माठ उचलला आणि बैठकीत आणला. त्याचं काळं पोट ओलं चकचकीत झालं होतं. वास असा आला की सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, उघड्या खिडकीकडे वळाव्यात तशा.

"दुसरं भांडं!" ओमोडिंग सर उभे राहिले. खिशातून अर्ज काढला. "एसाबू, हे काय आहे? स्पष्ट लिहिलंय!"

"मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले, आणि ते इतकं खरं होतं की ऐकवत नव्हतं.

"सर, अर्जात 'पेय' लिहिलंय," मी म्हणाले. माझं डोकं आता पुरतं फिरलं होतं. "यात पेय कुठंय? बघा ना. ओली नाचणी आहे. गरम पाणी पडेपर्यंत ती अजोन नसतेच. हो की नाही आत्या? मग ओल्या नाचणीला कधीपासून परवानगी लागते? उद्या आंबिलीलाही अर्ज करायचा का?"

"पाणी पडल्यावर?"

"पाणी पडल्यावर बघू!"

"हेच उत्तर तू भूगोलाच्या पेपरात लिहिलं होतंस," सर म्हणाले.

कुणीतरी खुदकन हसलं. पण सर बसले नाहीत, अर्ज हातातच. तेव्हा आत्या त्यांच्यासमोर गेली. ती ठेंगणी आहे, त्यांच्या खिशापर्यंत येते. तिनं कमरेला खोचलेली एक नळी काढली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

"सर, माठात वाईट काही नाही हे कुणीतरी पहिला घोट घेऊन दाखवायला हवं. हा माठ पाहुण्यांचा. आमच्यापैकी कुणाला यात नळी घालता येत नाही. पाहुण्यांनी स्वतः पहिला घोट घ्यायचा नसतो. या खोलीत ना इकडचे ना तिकडचे असे तुम्ही एकटेच."

बाई काय बोलली ते समजून घ्या. सहा तास मांडीवर माठ घेऊन बसमध्ये ती हाच विचार करत आली असणार. ड्रमचं तिला आल्यावर कळलं, अर्जाचं त्यानंतर, पण घरं दोन आहेत म्हणजे भांडी दोन लागतील हे तिला गावातच ठाऊक होतं. आणि आता कमिटीच्या अध्यक्षाशी ती एका शब्दानं भांडली नाही. तिनं फक्त त्याला नळी दिली.

ओमोडिंग सरांनी अर्जाकडे बघितलं. नळीकडे बघितलं. माठातून वास येत होता. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

मी किटलीतून पाणी ओतलं, काठाकाठानं, आत न बघता, आत्यानं शिकवलं तसं. चोथा वर आला, फेस आला, माठ हळूच बोलायला लागला. सर वाकले आणि नळी ओठाला लावली.

एक घोट. मग दुसरा, जो दाखवायला लागत नव्हता.

"असं आहे," सर सरळ होत म्हणाले, आणि अर्जाची घडी घालून खिशात ठेवली, "की अर्जात साठवणीचं भांडं म्हटलंय. आणि हे, मला वाटतं, वाढायचं भांडं आहे."

नळी मात्र त्यांनी माठातून बाहेर काढलीच नाही.

आता प्रश्न उरला आमच्याकडच्या लोकांचा. पाहुण्यांना माठ गेला म्हणजे आम्हाला राहिला ड्रम. बाबा गेले, झाकण उघडलं, आणि तोटीकडे ढुंकूनही न बघता भिंतीवरची आपल्या वडिलांची जुनी नळी काढली. 'नळ्यांची संख्या: निरंक' लिहिणारा माणूस टाय खांद्यावर टाकून निळ्या ड्रमवर वाकला. मग आमचे दोन चुलते वाकले. गोठ्यातल्या टाकीवर वासरं वाकावीत तसे. मी त्यांच्या ड्रममध्ये किटलीतलं पाणी ओतलं तेव्हा एक घोट चाखला. साबणाची वडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उकळली तर काय लागेल, तसं लागत होतं.

बाबांनी मोठा घोट घेतला. गिळला. डोळ्यांत पाणी आलं. समोर बसलेल्या पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "उत्तम!" आणि परत वाकले. मी त्या माणसाशी आठवड्यातून चारदा भांडते, पण त्या क्षणी मला त्यांच्यासाठी कुणाशीही भांडावंसं वाटलं.

इकडे एक्वारूकाकांनी नळकांडं उघडलं. नळी काढली, टोकाची जाळी तपासली, उजव्या हातात धरून माठात सोडली. डोळे मिटून प्यायले. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिथे काही दिसत नव्हतं. मग मला त्यांचे पाय दिसले. उजव्या पायाचा अंगठा चपलेत हळूहळू ताल धरत होता.

"हा माठ कुणाचा?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"माझा," आत्या म्हणाली.

"भाजताना डोळे पुसलेस का?"

"नाही."

"तेच म्हटलं." परत प्यायले. नळ्यांचा आवाज बदलायला लागला, सुर्र सुर्र. आत पाणी कमी झालं की नळ्या असं बोलतात. आता त्यांनी नळी काढायची किंवा ठेवायची. एतियांगनं श्वास रोखला होता, त्याच्या कॉलरमधला पुठ्ठा पार मानेत घुसला होता. दाराच्या फटीत आता दोन डोळे होते, आणि खाली आईचाही एक, जो तिथे असायला नको होता.

म्हाताऱ्यानं नळी थोडी वर उचलली. पण त्यांनी ती झटकली नाही. नुसती फिरवून, जरा अधिक खोल, परत रोवली, आणि किटलीकडे मान वळवली.

"ए पोरी. बघत काय उभी राहिलीस? पाणी घाल."

मी घातलं. थोडं माठाबाहेर सांडलं, आणि आत्या माझ्यावर ओरडली, पण किटली जड होती.